हयातीचा दाखला



 मी प्रवचनकार नाही. शास्त्राचा अभ्यास नाही, संस्कृत शाळेत होतं तेवढंच. वाणिज्य शाखेचा पदवीधर, आणि १९८० ते २०१७ अशी सदतीस वर्षं बँकेत क्लार्क. अंकाच्या मंडळींनी यंदा आग्रह धरला तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो होतो. (जाहिरातींचा हिशेब मागितला असता तर एका दिवसात दिला असता!) पण मध्यंतरी एका गुरुवारी आरतीनंतर एक लहानशी गोष्ट घडली, ती मनातून जाईना, म्हणून लिहितो.

आपल्याच मंदिरात येणारे एक गृहस्थ नोकरीतून निवृत्त झाले. त्यांनी सगळ्यांना पेढे वाटले आणि म्हणाले, "सुटलो एकदाचा! आजवरचं सगळं पोटासाठी झालं. आता खरी सेवा सुरू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. पण घरी येईपर्यंत पेढा हातात तसाच राहिला. कारण हेच वाक्य मी नोकरीत असताना जवळजवळ वीस वर्षं मनात घोकलं होतं, आणि त्या वाक्यापायी माझ्या हातून एक गोष्ट घडली होती. ती मी आजवर सौभाग्यवतीशिवाय कुणाला सांगितलेली नाही.

बँकेतली नोकरी मला कधी आवडली नाही, हे आधी कबूल करतो. १९८० साली बँकेत लागणं म्हणजे गावात केवढा मान! वडिलांनी पहिल्या पगाराचा नारळ वाडीला नेऊन महाराजांच्या पादुकांपुढे ठेवला. पण आत बसल्यावर काय? लेजर. सकाळी लेजर, दुपारी लेजर, संध्याकाळी त्याची बेरीज. पुढे बढतीची परीक्षा मी दिलीच नाही, कारण बढती म्हणजे बदली, आणि घरी आई अंथरुणाला खिळलेली. बरोबरीचे लोक मॅनेजर होऊन गेले, मी त्याच खुर्चीत. मग मनाने एक पळवाट काढली. आपला हा जन्म मुळी या कामासाठी नाहीच. आपलं खरं जीवन पहाटे चार ते सात, देवघरात. दहा ते पाच हा नुसता प्रारब्धाचा भोग, तो कसातरी संपवायचा. ड्रॉवरमध्ये मी दत्तात्रेयांची तसबीर ठेवली होती. समोर खातेदार उभा असला तरी डाव्या हाताने ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून बघत असे. लोक म्हणत, केवढा भाविक माणूस! मलाही तसंच वाटे.

१९९८ सालची गोष्ट. त्या वर्षी दत्तजयंती ३ डिसेंबरला होती. सप्ताहाची माझी अठ्ठावीस वर्षांची परंपरा, आधी वडिलांच्या शेजारी बसून, मग स्वतः. २७ नोव्हेंबरला श्रीगुरुचरित्राचं पारायण सुरू केलं. आपल्यापैकी पुष्कळांना नियम माहीत आहेत. एकभुक्त राहायचं, जमिनीवर झोपायचं, सोवळ्यात वाचायचं. पहाटे वाचन करून बँकेत जायचं, संध्याकाळी मठात आरतीला हजर. १ तारखेपासून मी चार दिवस रजा टाकली होती. त्यामुळे ३० नोव्हेंबर, सोमवार, हा मधला शेवटचा कामाचा दिवस. कधी एकदा सुटतो असं झालं होतं.

आता पेन्शनचा नियम सांगतो, तरुण मंडळींना कदाचित ठाऊक नसेल. तेव्हा सरकारी पेन्शन घेणाऱ्याला दरवर्षी नोव्हेंबरमध्ये बँकेत समक्ष येऊन आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागे. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. तो आला नाही, तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते. तेव्हा आमच्या शाखेत संगणक नव्हता. पेन्शनचं रजिस्टर माझ्याकडे. पेन्शनरचा फोटो ताडून बघायचा, फॉर्म भरायचा, सही किंवा अंगठा घ्यायचा आणि साहेबांची सही आणायची. दहा मिनिटांचं काम.

त्या सोमवारी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी एक म्हातारी आली. नवरा रेल्वेत गँगमन होता, त्याच्यामागे हिला फॅमिली पेन्शन. तेव्हाची किमान पेन्शन १,२७५ रुपये, वर काय महागाई भत्ता असेल तो. आठ-नऊ किलोमीटरवरच्या वाडीतून एसटीने आली होती, आणि एसटी उशिरा आली होती. आमची लोकांसाठीची वेळ दोनपर्यंत. मी घड्याळाकडे बोट केलं आणि म्हणालो, "आजी, वेळ संपली. उद्या या."

ती म्हणाली, "सायेब, म्या जित्ती हाय न्हवं? ही काय तुमच्या म्होरं हुबी हाय."

मी हसलोसुद्धा. पुन्हा म्हणालो, उद्या या. माझ्या डोक्यात पाच वाजून दहा मिनिटांची बस होती. ती चुकली की आरती चुकणार. नियमाने बघाल तर माझं काही चुकलं नव्हतं. दोनची वेळ ही दोनचीच. ती थोडा वेळ काउंटरच्या लाकडावर हात ठेवून उभी राहिली, आणि गेली. त्या दिवशी मला आरती मिळाली, पुढे उभं राहायला जागाही मिळाली. मन फार प्रसन्न होतं, हे विशेष.

दुसऱ्या दिवशी ती आली होती. मी रजेवर. शेजारच्या टेबलावरच्या माणसाने सांगितलं, ज्यांच्याकडे काम आहे ते सोमवारी भेटतील. सोमवारी ७ तारखेला मी रुजू झालो, पण ती आली नाही. मीही विसरलो. महिनाअखेरीला रजिस्टर तपासताना तिच्या नावापुढे कोरं दिसलं, तेव्हा नियमाप्रमाणे मीच लाल शाईने लिहिलं, "हयातीचा दाखला नाही. पेन्शन थांबवावी." लिहिताना क्षणभरही हात अडखळला नाही.

जानेवारीत ती आली. मधल्या काळात तापाने पडली होती म्हणे. पासबुक पुढे केलं. मी सांगितलं, पैसे जमा झालेले नाहीत. तेव्हा ती ओरडली नाही, रडली नाही. खरंखुरं विचारावं तसं विचारलं, "सायेब, मी मेली म्हून कुनी सांगितलं का तुमास्नी?"

मी उत्तर दिलं नाही. फॉर्म काढला. फोटो ताडून बघायचा म्हणून रजिस्टरातला फोटो पाहिला आणि तिच्याकडे पाहिलं. फोटोत कानात सोन्याची फुलं होती. समोर होती ती कानाची भोकं बुजू नयेत म्हणून घातलेली कडुलिंबाची काडी. एका कानात एक, दुसऱ्या कानात एक.

अंगठा घेताना तिचं बोट मी धरलं होतं. माझाच हात कापत होता. त्याच दिवशी साहेबांची सही घेऊन राहिलेली रक्कम काढायला लावली. पण फुलं कुणाकडे गहाण पडली, किती व्याजाने, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

ती म्हातारी म्हणजे प्रत्यक्ष दत्तमहाराज होते, असं मी लिहिलं तर तुम्हांला आवडेल. तसं लिहायची आपल्याकडे रीतही आहे. महाराज फकिराच्या वेशात येतात, मलंगाच्या वेशात येतात, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण मी तसं लिहिणार नाही. ती महाराज होती म्हणून मला वाईट वाटलं असेल, तर ती नुसती म्हातारी असती तेव्हा चाललं असतं, असा त्याचा अर्थ होईल. ती एका गँगमनची विधवा होती आणि तिला माझी दहा मिनिटं हवी होती, एवढंच होतं.

त्या रात्री मी पोथी पुन्हा उघडली. वाचायला नाही, शोधायला. आठवत होतं की शेवटच्या दिवसाच्या वाचनात एका शेतकऱ्याची कथा आहे. आपल्यालाही ठाऊक आहे ती, सत्तेचाळिसावा अध्याय. गाणगापुरात श्रीगुरू रोज संगमावर जात. वाटेवर पर्वतेश्वर नावाच्या शेतकऱ्याचं शेत. तो रोज शेतातून धावत येऊन दंडवत घाली आणि परत शेतात जाई. एक दिवस श्रीगुरूंनी त्याला उभं ज्वारीचं पीक कापून टाकायला सांगितलं. अजून दाणा भरायचा होता. त्याने गावच्या अधिकाऱ्याकडे जाऊन गेल्या वर्षीच्या दुप्पट धान्य द्यायचं कबूल केलं आणि पीक कापलं. बायकामुलं आडवी आली, गावाने वेड्यात काढलं. पुढे अवकाळी पाऊस आणि थंड वारा सुटून साऱ्यांची पिकं गेली. याच्या कापलेल्या शेताला मात्र नवे फुटवे आले आणि कितीतरी पटीने धान्य झालं.

आपण सगळे त्या "कितीतरी पटी"वर अडकतो. मी तर बँकेतला माणूस, मला व्याज लगेच दिसतं! इतक्या वर्षांत मला ही कथा म्हणजे श्रद्धेवर मिळालेला परतावा वाटत आली होती. त्या रात्री पहिल्यांदा एक साधी गोष्ट दिसली. दंडवत घालून तो शेतात परत जाई. श्रीगुरूंनी त्याला "शेत सोड आणि मठात ये" असं कधी म्हटल्याचं कथेत नाही. पीक कापायला सांगितलं तेही त्याच्याच शेतातलं, त्याच्याच विळ्याने. आणि एवढं धान्य घरी आल्यावरही तो शेतकरीच राहिला. मी मात्र दंडवत घालून काउंटरवर परत येतच नव्हतो. शरीर येई, आणि ड्रॉवर अर्धा उघडा.

त्याच्या थोडं आधी, चव्वेचाळिसाव्या अध्यायात तंतुक कोष्टी आहे. दिवसभर माग चालवून उरलेल्या वेळात मठाचं अंगण झाडणारा. या दोन्ही कथा सप्ताहात सातव्या दिवशी येतात. आता सातव्या दिवशी आपलं लक्ष कुठे असतं, हे खरं सांगा! नैवेद्याची पुरणपोळी झाली का, ब्राह्मण-सवाष्ण आले का, आवाज बसलाय, पाय अवघडलेत. कष्टकऱ्यांच्या या कथा आपण नेहमी घाईत वाचतो.

आणि पुरणपोळीवरून आठवलं. पहाटे चारला मी सोवळ्याने पोथीपुढे बसे, तेव्हा तीनला उठून बंब पेटवणारं, सोवळं वाळत घालणारं, आईचं अंथरूण बदलणारं कोण होतं? पारायणाच्या संकल्पात नाव माझं. तिने अठ्ठावीस काय, एकही पारायण "केलेलं" नाही. मी हे एकदा तिला बोलून दाखवलं तर म्हणाली, "मला कुठला वेळ?" आणि भाजी निवडत राहिली.

आता नाथांची एक गोष्ट. कीर्तनात आपण ती ऐकलेली असते. देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामी, मोठे दत्तभक्त, आणि किल्ल्याचे अधिकारीही. त्यांनी बाळ एकनाथांना हिशेबाच्या कामावर बसवलं. एका रात्री हिशेबात एका पैची चूक निघेना. नाथ दिवा लावून रात्रभर बसले आणि पहाटे चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे झाले, आणि म्हणाले, एका पैची चूक सापडल्यावर एवढा आनंद, मग जन्माची चूक सापडली तर किती होईल!

कीर्तनकार इथे भराभर पुढच्या भागाकडे जातात. हिशेब मागे राहतो, जणू काही ती क्षुल्लक वस्तू होती. पण ज्याने आयुष्यभर फरक शोधला आहे तो क्लार्क पहिल्या भागापाशीच थांबतो. एका पैसाठी रात्रभर! किल्ल्याच्या खजिन्यात एक पै कमी-जास्त झाली तर कोण विचारणार होतं? खर्ची टाकून झोपता आलं असतं. आणि दुसरं, त्यांना हिशेबाला बसवलं कुणी? स्वामींनीच. शिष्याला परमार्थ शिकवायचा होता तर वही कशाला हातात दिली? मला असं वाटतं (चूक असेल तर जाणकारांनी सांगावं) की त्या वहीवर जे जमलं तेच पुढे भागवतावर चाललं. मन एका जागी बसवायची सवय आधी पैवर झाली.

नाथांनी ज्या एकादश स्कंधावर टीका लिहिली, त्यातच अवधूताचे चोवीस गुरू आहेत. आपल्या दत्तसंप्रदायाला ते वेगळे सांगायला नकोत. त्यातला बाण करणारा कारागीर पाहा. बाणाचं टोक सरळ करण्यात इतका गढला की राजाची स्वारी वाजतगाजत समोरून गेली ती त्याला कळलीही नाही. घरी पाहुणे आले म्हणून भात कांडणारी मुलगी पाहा. कांडताना बांगड्या वाजतात, पाहुण्यांना कळेल की घरात कांडलेले तांदूळ नाहीत, म्हणून एकेक बांगडी उतरवते आणि शेवटी हातात एकच ठेवते. त्या दोघांनी काय प्रवचन दिलं? एक बाण करत होता, एक भात कांडत होती. आपण अवधूताचे गुरू झालो, हे दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नसेल. कामाला मोठेपणा कुठून येतो, असं मला कुणी विचारलं तर मी त्या मुलीकडे बोट दाखवीन.

यानंतर मी फार बदललो, असं समजू नका. लेजर लेजरच राहिलं. कितीतरी दुपारी मी घड्याळाकडे बघत काढल्या. पण १९९९ पासून एक केलं. १५ नोव्हेंबरला रजिस्टर घेऊन बसायचं आणि कोण कोण आलं नाही त्याची यादी काढायची. पोस्टमन, एसटीचा कंडक्टर, आठवडी बाजाराला येणारे लोक, यांच्या हाती निरोप धाडायचे. जे अंथरुणाला खिळले होते त्यांच्याकडे संध्याकाळी साहेबांना स्कूटरवर मागे बसवून न्यायचं. एक साहेब कुरकुर करत, पण येत. एकदा एका पेन्शनरच्या घरी पोचलो तो अंगणात माणसं जमलेली. तो सकाळीच गेला होता. मुलगा म्हणाला, "बाबा काल विचारत होते, बँकेतले येणार होते ना?" त्या दिवशी कोरा फॉर्म तसाच घडी घालून परत आणला.

आणि फरक काढायची गोडी लागली. खात्यांची बेरीज आणि जनरल लेजर जुळत नसलं की बाकीचे वैतागत. मी बसू लागलो. त्याच्या काही खुणा असतात. फरकाला नऊने भाग गेला तर बहुधा आकडे उलटे पडलेत, ५४ चे ४५ झालेत. फरक सम असेल तर त्याची निम्मी रक्कम शोधायची, कुठेतरी जमेची नोंद नावे बाजूला गेलेली असू शकते. ताळा जमला की जो निवांतपणा येतो, तो मला देवघरातल्या निवांतपणाहून फार वेगळा वाटेनासा झाला. पुढे संगणक आले, बेरजा आपोआप जुळू लागल्या. सगळे खूश झाले. मला मात्र थोडं चुकल्यासारखं वाटलं.

ती आजी पुढे दर नोव्हेंबरला येत राहिली. १९९९ ला आली तेव्हा मी आधी कानाकडे पाहिलं. फुलं होती. तीच का दुसरी, कळलं नाही. तिने ती गोष्ट कधी काढली नाही. मीच एका वर्षी म्हणालो, "आजी, त्या वेळी माझं चुकलं." ती म्हणाली, "कवा?" खरंच विसरली होती, का मला सोडवलं, कोण जाणे. २००७ च्या नोव्हेंबरला यादीत तिचं नाव राहिलं. निरोप धाडला, तर निरोपाचं उत्तर तिच्या नातवाने आणलं, मृत्यूच्या दाखल्याबरोबर.

पेढे वाटणाऱ्या त्या गृहस्थांना मी पुढच्या गुरुवारी गाठलं. ते पाणीपुरवठ्याकडे पंप ऑपरेटर होते. त्यांना एवढंच विचारलं, "इतकी वर्षं पहाटे पंप कोण सुरू करत होतं? आपल्या काकड आरतीच्या स्नानाला पाणी कुठून येत होतं?" ते हसले. मग जरा वेळाने म्हणाले, "एकदा मोटार जळाली होती, ऐन दत्तजयंतीच्या आदल्या रात्री. रात्रभर खपून सुरू केली. कुणाला कळलंसुद्धा नाही." आणि मग त्या मोटारीची हकीकत त्यांनी जवळजवळ अर्धा तास सांगितली. वाइंडिंग, व्हॉल्व्ह, थंडीत विहिरीत उतरलेला मदतनीस. मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पण ऐकत राहावंसं वाटलं. सेवेचं बोलताना त्यांचा चेहरा असा झाला नव्हता.

आता मंदिराचा हिशेब माझ्याकडे आहे. गेल्या जयंतीच्या महाप्रसादाचा जमाखर्च मांडताना अठरा रुपयांचा फरक येत होता. एवढ्या खर्चात अठरा रुपये म्हणजे काय? मंडळी म्हणाली, काका, सोडा, किरकोळात टाका. मी वही घरी आणली. अठराला नऊने भाग जातो. म्हणजे कुठेतरी आकडे उलटे पडलेत, ६४ चे ४६, ७५ चे ५७, असं काहीतरी. पावत्यांचा गठ्ठा सोडून एकेक लावत बसलो. रात्रीचे साडेबारा झाले. कोथिंबीर-मिरचीची एक चिठ्ठी होती, भाजीवालीने शिसपेन्सिलीने लिहिलेली, घाम लागून पुसट झालेली. तिथे ४२ होते आणि वहीत २४ पडले होते. भाजीवालीला अठरा रुपये कमी गेले होते.

आतून आवाज आला, "सापडले का?"

म्हटलं, "सापडले. सकाळी बाजारात जाऊन तिला द्यायचेत, लक्षात ठेव."

"मग दिवा घालवा आता," ती म्हणाली, "आणि येताना कोथिंबीर आणा."